शिक्षणकर्जाची गोष्ट – भाग ९ : नोकरी करून कर्ज फिटतं का?

गेल्या आठवड्यात आपण पश्चिम बंगालचं ‘स्टुडंट क्रेडिट कार्ड’ पाहिलं. ३० जून २०२१ ला सुरू झालेल्या या योजनेत तारणाशिवाय १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. सरळव्याज ४ टक्के, हमी राज्य सरकारची, फेडीची मुदत १५ वर्षं. आता पुढचा प्रश्न : शिकून लोकांच्या सेवेतली नोकरी धरली, तर हे कर्ज माफ होतं का?

नाही होत. कार्डावर शिकून सुंदरबनातल्या सरकारी शाळेत शिकवणारी शिक्षिका असो की सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधला संगणक अभियंता, १० लाखांवर वर्षाचं ४० हजार व्याज दोघांनाही सारखंच.

अमेरिकेत मात्र अशी सोय आहे. २००७ च्या कायद्यानुसार सरकारी खात्यात किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करता करता १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं केंद्रीय कर्ज माफ होतं. हप्ते सलग नसले तरी चालतात. सगळी मेख ‘पूर्णवेळ’ या अटीत आहे. आठवड्याला सरासरी ३० तास भरले पाहिजेत. दोन पात्र ठिकाणच्या अर्धवेळ नोकऱ्यांचे तास मिळून ३० झाले, तरी चालतं.

अडचण होती ती कंत्राटी प्राध्यापकांची. वर्गातले तास मोजले जायचे. तयारी, उत्तरपत्रिका, विद्यार्थ्यांच्या शंका कुठेच धरल्या जात नसत. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. जुलै २०२३ पासून तिथे शिकवलेल्या प्रत्येक क्रेडिट तासाला ३.३५ ने गुणतात. नऊ क्रेडिट शिकवणाऱ्याचे ३०.१५ तास होतात, तो बसतो. आठवाल्याचे २६.८, तो बाहेर. नियम कठोर आहे, पण घरी बसून तपासलेले गठ्ठे काम म्हणून धरले गेले, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलं अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी पालकांनी एक ध्यानात ठेवावं. ही माफी फक्त तिथल्या केंद्रीय कर्जाला आहे. भारतातल्या बँकेचं कर्ज काढून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती लागू नाही.

सेवेचा असा हिशेब कोलकात्यात होतो तो डॉक्टरांच्या बाबतीत, आणि तो उलट्या बाजूने. सरकारी महाविद्यालयातून एमडी, एमएस करणाऱ्याला शिक्षणानंतर राज्याच्या सेवेत काम करण्याचा बॉण्ड आधीच लिहून द्यावा लागतो. २०१३ मध्ये ही सेवा एक वर्षाची होती. २०१४ मध्ये ती तीन वर्षांची झाली आणि चुकवलेल्या प्रत्येक वर्षाला १० लाख, म्हणजे एकूण ३० लाख भरायचे ठरले. डॉक्टर न्यायालयात गेले. १९ ऑगस्ट २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने बॉण्ड वैध ठरवला आणि देशभर एकसारखं धोरण असावं, असंही सुचवलं. महाराष्ट्रात एमबीबीएसनंतरची एक वर्षाची सेवा टाळली, तर १० लाख भरावे लागत. पदव्युत्तरला ५० लाख.

म्हणजे सेवेची किंमत रुपयांत मांडायला आपल्या सरकारांना येतं. दंड लावताना एका वर्षाचे १० लाख धरता येतात, तर कर्ज फेडतानाही ते धरता यायला हवेत. कार्डावर शिकलेली परिचारिका पुरुलियाच्या आरोग्य केंद्रात राबत असेल, तर तिच्या दर वर्षामागे मुद्दलाचा काही भाग उतरला पाहिजे. हमी राज्याचीच आहे, नोकरीही राज्याचीच. नोंदी जुळवणं अवघड नाही.

तोवर बॉण्डवर काम करणाऱ्यांना एवढंच सांगणं : नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल आणि कार्यमुक्तीचं पत्र, तिन्हींच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. वाद निघाला की सेवा केल्याचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जातो.