विद्यार्थ्यांच्या लेखनाची डिजिटल संचिका

शैक्षणिक वर्ष संपले की मुलांच्या वह्यांचे काय होते, हे आपण सर्व जाणतो. काही रद्दीत जातात, काहींची पाने चुलीपाशी सरतात, उरलेल्या पावसाळ्यात भिजून निकामी होतात. वहीबरोबर आणखी एक गोष्ट नाहीशी होते. मूल वर्षारंभी कसे लिहीत होते व वर्षाखेरीस कसे लिहू लागले, याचा आपल्याजवळचा एकमेव पुरावा जातो. पुढील इयत्तेचा शिक्षक त्या मुलास गुणपत्रकावरून ओळखतो, लेखनावरून नव्हे. हा पुरावा अल्प श्रमात व जवळजवळ विनाखर्च कसा जपता येईल, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संचिकेची आवश्यकता

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमातील कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व सांगितले आहे. आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धती आली आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय इत्यादी साधने शिक्षकांच्या हाती दिली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाचा विचार मांडताना विद्यार्थ्याच्या कामाच्या संचिकेचाही उल्लेख आहे.

तथापि वर्णनात्मक नोंदींच्या बाबतीत एक दोष सर्वत्र आढळतो, तो आपणच आपल्याशी मान्य केला पाहिजे. ‘लेखन चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’ अशी वाक्ये छापील पुस्तिकेतून उतरविली जातात. ती कोणत्याही मुलास लागू पडतात, म्हणून कोणत्याच मुलाविषयी काही सांगत नाहीत. नोंदीखाली मुलाचे प्रत्यक्ष लेखन असेल, तरच तिला अर्थ येतो.

लेखन जपण्याची प्रथा आपल्या शाळांना नवी नाही. हस्तलिखित मासिके हे तिचेच रूप होय. परंतु हस्तलिखितात निवडक मुलांचे निवडक लेखन सुवाच्य अक्षरात उतरविलेले असते. संचिकेत मात्र प्रत्येक मुलाचे नित्याचे लेखन, त्याच्या चुकांसह ठेवावयाचे असते. हा भेद नीट ध्यानात घ्यावा.

कोणते लेखन ठेवावे

सर्वच लेखन साठवू नये. जेथे सर्व काही साठविले जाते, तेथे पुन्हा काहीच पाहिले जात नाही. वर्षातून चार नमुने पुरेत: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी व मार्च. यांपैकी निदान दोन वेळा विषय तोच असावा, म्हणजे तुलना सोपी होते. ‘वावरातला एक दिवस’, ‘आमच्या घरची सकाळ’, ‘मी पाहिलेला बाजार’ असे अनुभवाचे विषय द्यावेत. पहिलीतील मुलाचे चित्र व त्याखाली त्याने रेखलेली दोन अक्षरे, हाही लेखनाचाच नमुना समजावा.

प्रत्यक्ष कृती

मुलाने लिहून पूर्ण केल्यावर, लाल शाई लावण्यापूर्वी, त्या पानाचे मोबाईलने छायाचित्र घ्यावे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. दुरुस्त केलेले वा सुवाच्य उतरवून घेतलेले पान शिक्षकाचे काम दाखविते, मुलाचे नव्हे. पान ओसरीत किंवा खिडकीपाशी सपाट ठेवावे, फोन बरोबर वर धरावा आणि आपली सावली पानावर पडू देऊ नये.

छायाचित्रास नाव देताना प्रथम दाखल क्रमांक, नंतर वर्ष, महिना व दिनांक असा क्रम ठेवावा, जसे ‘१०४५-२०२५-०७-१५’. असे केल्याने एका मुलाचे सर्व नमुने काळाच्या क्रमाने आपोआप एकत्र लागतात. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, सबब तो वापरू नये.

तीस मुलांच्या वर्गात ३० × ४ म्हणजे वर्षाला १२० छायाचित्रे होतात. प्रत्येकास सुमारे ३ एमबी जागा धरली तरी एकूण ३६० एमबी होते. सामान्य पेन ड्राइव्हमध्ये अनेक वर्षांचा संग्रह सहज मावतो व त्यास इंटरनेटची गरज लागत नाही. मात्र संग्रह दोन ठिकाणी असावा: एक प्रत शाळेच्या संगणकावर व दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटातील पेन ड्राइव्हमध्ये. केवळ शिक्षकाच्या फोनमध्ये असलेली संचिका त्या शिक्षकाच्या बदलीबरोबर शाळेतून जाते.

डिजिटल संचिकेस आणखी एक सोय आहे, ती वहीस नाही. मुलाने स्वतःचे लेखन वाचून दाखविलेले अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण छायाचित्राजवळ ठेवता येते. अक्षर दुर्बोध असले तरी मुलाच्या मनात काय होते, ते त्यावरून कळते.

वाचन आणि नोंद

छायाचित्र घेणे हे काम अर्धेही नाही. दोन नमुने शेजारी ठेवून वाचणे, हे खरे काम होय. समजा, आपल्या खामगाव परिसरातील तिसरीच्या एका मुलीने जुलैत लिहिले: ‘मी मायसंग वावरात गेली. निंदण होतं. पाणी आलं.’ आणि जानेवारीत त्याच विषयावर लिहिले: ‘सकाळी मी मायसंग वावरात गेली. माय कापूस वेचाले लागली. दुपारी भूक लागली म्हणून आम्ही निंबाखाली बसून भाकर खाल्ली.’

‘लेखन चांगले’ अशी नोंद येथे पुरेशी नाही. नोंद अशी असावी: ‘सकाळ-दुपार असा काळाचा क्रम आला, “म्हणून” वापरून कारण जोडले. पुढे: माय काय म्हणाली, ते लिहावयास सांगणे.’ काय आले आणि पुढे काय घ्यावयाचे, या दोनच गोष्टी नोंदीत असाव्यात. वाचताना आशय, क्रम, वाक्यरचना व शुद्धलेखन याच क्रमाने पाहावे. एका वेळी एकच उणीव हाती घ्यावी.

‘मायसंग’, ‘वेचाले’ या रूपांचे काय करावे, असा प्रश्न अनेक शिक्षकांस पडतो. ही वऱ्हाडी बोलीची नियमबद्ध रूपे आहेत. ती विचारातील चूक नव्हे. प्रमाणभाषेची रूपे मुलास क्रमाने शिकवावयाचीच आहेत. परंतु पहिल्याच पानावर बोलीला लाल रेघ ओढली, तर मूल चुका टाळण्यासाठी कमी लिहू लागते. संचिकेत लेखनाची लांबी घटत चाललेली दिसली, तर दोष मुलाच्या अंगी शोधण्यापूर्वी आपल्या तपासणीत शोधावा.

सावधगिरी

मुलाचे लेखन ही त्याची खाजगी वस्तू आहे. त्यात घरातील भांडण, कर्ज, आजारपण यांचे उल्लेख सहजच येतात. म्हणून संचिकेतील पाने व्हॉट्सॲपच्या गटांवर कदापि पाठवू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून पालकांच्या संमतीस महत्त्व दिले आहे. पालकसभेत उद्देश समजावून सांगून त्यांची लेखी संमती घेणे उचित होय. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखाद्या नमुन्याची चर्चा करावयाची झाल्यास नाव, गाव व क्रमांक झाकूनच ती करावी.

तद्वतच ही संचिका तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी सजवू नये. सजविलेल्या संचिकेतून सर्वप्रथम चुका नाहीशा होतात, आणि त्यांच्याबरोबर तिचा उपयोगही जातो.

समारोप

पालकसभेस येणाऱ्या कित्येक मातांना गुणपत्रकातील श्रेणी वाचता येत नाही. परंतु जुलैतील तीन ओळी व मार्चमधील भरलेले पान शेजारी ठेवले आणि लेकरू ते स्वतः मोठ्याने वाचू लागले, तर आपले मूल शाळेत काय मिळवीत आहे, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे मूल दुसऱ्या शाळेत गेले, तर पालकांच्या संमतीने दाखल्यासोबत ही चार पानेही तेथे पाठवावीत. नव्या शिक्षकास त्या मुलाची ओळख पहिल्याच दिवशी होईल.

शिक्षकबंधुभगिनींनी प्रारंभी एकच वर्ग व एकच विषय घ्यावा आणि येत्या जुलैतील पहिले पान जपून ठेवावे. मार्चमध्ये ते पुन्हा उघडून पाहिले म्हणजे त्यात मुलाच्या प्रगतीबरोबर आपल्या अध्यापनाचाही लेखाजोखा आढळेल.