मरळ धरायचीय? मग आधी बारीक मासळी धरा, पण उरलेली शेततळ्यात सोडू नका

मरळ जिवंत चाऱ्यावर तुटून पडते. म्हणून तिच्या मागं जाणारे आधी बोटभर मासळी धरतात. उजनीच्या बॅकवॉटरला ती काठालगत, पाणगवताजवळ सापडते.

साधी बांबूची काठी पुरते. तंगूस बारीक आणि गळ सगळ्यात लहान घ्या. मोठा गळ या माशांच्या तोंडात जातच नाही, नुसता चारा कुरतडून नेतात. कणकेची गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी करा, नाहीतर गांडुळाचा तुकडा लावा. गळाच्या वीतभर वर वाळल्या ताटाचा तुकडा बांधा. तो बुडाला की हलका हिसका द्या. जोरात ओढलं तर माशाचं तोंड फाटतं. मासा ओल्या हातानं सोडवा. बादली सावलीत ठेवा, पाणी तापलं की मासे मरतात.

एक गोष्ट मात्र पाळा. उरलेले जिवंत मासे दुसऱ्या तळ्यात किंवा शेततळ्यात सोडू नका. त्यात चिलापीची पिल्लं असू शकतात. चिलापीची पैदास झपाट्यानं होते, मग कटला-रोहूच्या बीजाला खाणं पुरत नाही आणि बीजावरचा खर्च पाण्यात जातो.

पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं थव्यानं वर येतात. ती चाऱ्याला धरू नका. पुढच्या मरळी त्याच आहेत.