केरीतला एक गोठा

गोव्यातल्या केरीच्या सुरूच्या बनामागच्या वाड्यात सकाळचं दूध काढून झालंय. गोठ्याच्या दारात डॉक्टरबाई गमबूट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतात, मगच आत येतात. लाळ-खुरकुतीचा विषाणू बुटाच्या चिखलातून, दुधाच्या कॅनवरून, गाडीच्या चाकावरूनही पसरतो. नदीच्या समोरच्या तीरावरचं तेरेखोल गोव्याचंच, पण त्याला लागून महाराष्ट्रातलं रेडी, पुढे सगळा सिंधुदुर्ग. रोगाला हद्द कोण दाखवणार?

गाय मान झटकते. घरची काकी शिंगं धरते, मदतनीस नाकात बोटं घालून तोंड वर करतो. डॉक्टर ओठ उलटवून हिरड्या बघतात, जीभ बाजूला ओढतात. गुलाबी, ओली, फोड नाही. मग खुरांच्या बेचक्या. मग मानेपासून शेपटीपर्यंत सपाट हात फिरतो, लम्पीच्या गाठी शोधत. २०२२मध्ये गुजरात-राजस्थानात या रोगानं गोठेच्या गोठे रिकामे केले, तेव्हापासून हा हात फिरल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे १२ आकडे मदतनीस मोबाइलवर चढवतो. बर्फाच्या पेटीतून लाळ-खुरकुतीच्या लसीची बाटली निघते, मानेत सुई जाते.

"दोतोर, दूद उणें जातलें काय कितें?" काकी विचारते.

"दोन दीस. मागीर सारकें जातलें."

लस फुकट असली तरी ते दोन दिवस काकीच्या खिशातून जातात. तरीही ती शिंगं सोडत नाही. रोगांवरची सगळी देखरेख उभी आहे ती अशा घरांच्या होकारावर, असं मला मनापासून वाटतं. गोठ्यातली पाडी अजून चार महिन्यांची नाही, म्हणून तिला आज लस नाही. तिची नोंद पुढच्या फेरीसाठी.

बाहेर रस्त्यावर मोकाट गायी बसल्यात. एकीच्याही कानात बिल्ला नाही. दर सहा महिन्यांनी टोचणारी मोहीम मालकाच्या दारी जाते. यांना दारच नाही. पंचायतीनं आणि पशुसंवर्धन खात्यानं मिळून त्यांना आधी धरायला हवं, कारण त्याच गावभर फिरतात.

डॉक्टरांचा फोन वाजतो. खालच्या वाड्यात एक गाय कालपासून चारा खात नाही.

"लाळ गळते? लंगडते?" उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा बदलतो. "तिला वेगळी बांधा, चरायला सोडू नका. दूधही वेगळं ठेवा. बाकीचे गोठे आटोपून येते."

मदतनीस गाडी तिकडेच वळवू बघतो. डॉक्टर त्याला थांबवतात. आजाराचा संशय असलेल्या गोठ्यात शेवटी जायचं, आणि तिथून दुसऱ्या कुठल्याही गोठ्यात नाही. सोड्याचं जुनं पाणी ओतून टाकून डॉक्टर नवं कालवायला घेतात.