भाजीच्या धंद्यातून मुंबईचं महापौरपद

"आपला धंदा छोटा, आपल्याला कोण विचारणार?" असं वाटतं ना? मग हे वाचा.

मुंबई बेटावरच्या भायखळ्याच्या मंडईत छगन भुजबळ भाजी विकायचे. १९७३ साली ते नगरसेवक झाले आणि १९८५ साली मुंबईचे महापौर. मध्ये तब्बल १२ वर्षं गेली! त्यांचं राजकारण पटो न पटो, मला यात धंद्याचा धडा दिसतो: रोज समोर येणारी माणसं हेच भांडवल, आणि ते हळूहळूच वाढतं.

आज ५ गिऱ्हाइकांना त्यांची अडचण विचारा, वहीत लिहा. आपल्या सुदुंबऱ्यात समाधी असलेल्या संताजी जगनाडे महाराजांनी तेलाचा धंदा सांभाळून तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. आपण निदान गिऱ्हाइकाचं म्हणणं तरी लिहू!