रहस्यकथेचा शेवट

पुस्तक एक आणि वाचणारे दहा, ही स्थिति पहूरसारख्या गांवीं नवी नाहीं. त्यांतून पुस्तक रहस्यकथेचें असेल तर मोठीच पंचाईत! ज्याचें वाचून झालें त्याला बोलल्यावांचून राहवत नाहीं. आणि खुनी कोण हें सांगून टाकावें, तर पुढच्याचा आनंद जातो.

बाबूराव अर्नाळकर यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक वाचकांस घरचींच माणसें वाटत. तोच नायक पुनः पुनः भेटे, म्हणून अनोळखी वाचकांसहि बोलावयास विषय मिळे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचें, म्हणजे फुरसुंगीच्या बनेशचें, असेंच झालें.

कित्येक पालकांस हें वाचन केवळ वेळेचा अपव्यय वाटतें. तथापि शेवट कळल्यावर पहिलीं पानें पुन्हां उघडून, लेखकानें खूण कोठें लपविली होती हें दोघांनीं मिळून शोधण्यांत बुद्धीला बरेंच काम पडतें. मौज तर पहिल्या वाचनाहून अधिक.

आमच्या वर्गांत एकानें पहिल्याच पानावर पेन्सिलीनें खुन्याचें नांव लिहून ठेविलें. पुढील वाचकांनीं त्याच्याशीं आठवडाभर अबोला धरिला. पुस्तक संपल्यावर कळलें कीं, तें नांव खोटें होतें.