पाच कादंबऱ्या आणि एक प्रश्न

वाचलेल्या कादंबरीविषयी मत देणे ही गोष्ट वरवर पाहता सोपी आहे. आवडली किंवा नावडली, एवढे सांगून माणूस मोकळा होतो. पण 'का आवडली?' असे कोणी पुढे विचारले की आपली तारांबळ उडते. मग आपण पारितोषिकांची नावे सांगू लागतो, समीक्षकांचे शब्द उसने घेतो, आणि आपले स्वतःचे जे मत असते ते बाजूलाच राहते. व्याख्यानमालेला नेमाने येणारा श्रोता बहुधा वाचकही असतो. त्याने आपले मत कारणांसह मांडावे आणि दुसऱ्याने ते तितक्याच आपुलकीने खोडून काढावे, यातच वाङ्मयाचे खरे चलनवलन आहे असे आम्ही मानतो. म्हणून गेल्या वर्षभरात वाचलेल्या, काही नव्याने हाती घेतलेल्या, पाच कादंबऱ्यांविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

या पाचांची जातकुळी निरनिराळी आहे. 'ययाति' पौराणिक, 'फकिरा' वीरकथेच्या अंगाने जाणारी, 'बनगरवाडी' ग्रामीण, 'पानिपत' ऐतिहासिक, आणि 'झाडाझडती' आजच्या समाजजीवनावरची. पाचगणीजवळचे भिलार हे ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे एका घरात कादंबरी, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात इतिहास अशी मांडणी केलेली आहे. पुस्तक सापडण्यास ही सोय उत्तम. पण मनातही आपण अशीच घरे बांधतो, आणि कादंबरीच्या घरात पुन्हा खोल्या पाडतो. पौराणिक वाचणारा ग्रामीणकडे वळत नाही, ऐतिहासिकाचा भोक्ता सामाजिकाला नाक मुरडतो. तेव्हा या पाच कादंबऱ्या एका घोंगडीवर शेजारी शेजारी बसविल्या तर काय दिसते, ते पाहू.

पहिली गोष्ट अशी दिसते की, त्यांचे लेखक एकमेकांचे शेजारीच आहेत. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. अण्णा भाऊ साठे १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी, व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगूळ येथे, आणि 'पानिपत' व 'झाडाझडती' लिहिणारे विश्वास पाटील नेर्ले गावी १९५९ साली. या मुलखाचे पूर्वी किती तुकडे होते! सांगली पटवर्धनांचे संस्थान, माडगूळ औंध संस्थानात, वाटेगाव सातारा जिल्ह्यात. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. आज सांगली, वाटेगाव आणि माडगूळ ही तिन्ही गावे एकाच जिल्ह्यात आहेत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पाचही कादंबऱ्यांच्या मुळाशी भूक आहे. कोठे ती पोटाची आहे, कोठे वासनेची, कोठे पाण्याची. म्हणून या वाचनात आम्ही प्रत्येक कादंबरीस एकच प्रश्न विचारला: येथे भूक कोणाची आहे, आणि ती भागविण्याची किंमत कोण मोजतो?

१९५९ साली आलेल्या 'ययाति'पासून आरंभ करू. या कादंबरीस १९६० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. राजाच्या वाड्यात अन्नाला तोटा नाही, पण भूक मात्र तेथेच सर्वांत मोठी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आपापली हकीकत आपल्याच तोंडाने सांगतात, ही रचना आम्हांस फार मोलाची वाटते. एकच घटना एकाच्या तोंडून ऐकताना आपण त्याच्या बाजूचे होतो आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती बाजू सोडतो. आमची तक्रार भाषेविषयी आहे. प्रत्येक पात्र सुभाषितांत बोलते. कच तर इतका निर्दोष आहे की, तो आला म्हणजे गोष्ट थांबते आणि प्रवचन सुरू होते. तरीही शेवटी पुरूने आपले तारुण्य बापाच्या ओंजळीत घालावे, ही गोष्ट अंगावर काटा आणते. बापाच्या भुकेची किंमत येथे मुलगा मोजतो. आजचे पाणी, आजची माती, आजचे कर्ज यांचा विचार करणाऱ्याला ही पुराणकथा जुनी वाटणार नाही.

त्याच १९५९ साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. लेखकाने ती डॉ. आंबेडकरांना अर्पण केली आहे आणि तिला प्रस्तावना आहे ती 'ययाति'कार खांडेकरांची! सांगलीच्या सुशिक्षित घरात वाढलेला लेखक वाटेगावच्या मांगवाड्यातील कादंबरीचे दार उघडून उभा राहतो. लेखकांनी जी भिंत मानली नाही ती वाचकांनी मात्र पुष्कळ वर्षे मानली, हे आपल्या शहरांतील घरगुती कपाटे पाहिली की ध्यानात येते. एका कपाटात 'ययाति' असते तेथे 'फकिरा' नसते, आणि जेथे 'फकिरा' असते तेथे 'ययाति' नसते.

'फकिरा'त भूक आहे ती उघडी, दुष्काळातली. गावासाठी जोगणी आणताना राणोजीचा बळी जातो. पुढे त्याच्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो तो भाकरीचा. एका बाजूस इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि रोजची हजेरी, दुसऱ्या बाजूस उपाशी मुले. फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. विशेष असे की, गावचे विष्णुपंत कुळकर्णी या माणसांच्या पाठीशी उभे राहतात. लेखकाने जातीवरून माणूस मोजलेला नाही. कादंबरीची गती विलक्षण आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी माणसाला 'पुढे काय?' ही गोडी लावली. तीच गोडी येथे आहे, पण ती येथे एका न्याय्य रागाच्या कामी आली आहे. उणीव म्हणावी तर फकिरा स्वतःशी कधी फारसा भांडत नाही. त्याच्या मनात एखादी रात्र संशयाची असती तर तो आम्हांस अधिक जवळचा वाटला असता. मात्र किंमतीच्या प्रश्नाला ही कादंबरी जे उत्तर देते ते 'ययाति'च्या नेमके उलट आहे. तेथे राजा आपली भूक दुसऱ्याच्या आयुष्यावर भागवितो. येथे दुसऱ्यांची भूक भागविणारा स्वतःचे आयुष्य देतो. घरची माणसे सरकारच्या ताब्यात गेल्यावर फकिरा स्वतः हजर होतो. ही दोन पुस्तके एकामागून एक वाचावीत असे आम्ही आग्रहाने सांगतो.

'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. ती वाचताना आवाज एकदम खाली येतो. औंध संस्थानातील धनगरांची एक वाडी, तेथे नेमलेला कोवळा मास्तर, त्याला आधार देणारा म्हातारा कारभारी, आनंदा रामोशी, आणि मेंढरे. माडगूळकर उपदेश करीत नाहीत आणि हळहळतही नाहीत. वाक्ये आखूड, जणू माणदेशी माणसाने तहान लागू नये म्हणून बोलणे जपून वापरावे. वाडीतले लोक राबून तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात, हा भाग तर सोन्यासारखा आहे. औंधच्या राजेसाहेबांचे सूर्यनमस्काराचे प्रेम ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची गोडी अधिक लागेल. तालीम उभी राहते, पण पाऊस येत नाही. मेंढरे मरतात, माणसे वाट फुटेल तिकडे निघून जातात, वाडी ओस पडते. येथे भुकेचा सौदा करायला कोणी राजा नाही की लुटून आणायला कोणी वीर नाही. सगळेच किंमत मोजतात आणि पदरात काही पडत नाही. अंजीसारखी मुलगी आपल्याला मास्तरांच्या नजरेपुरतीच दिसते, तिच्या मनात आपल्याला शिरता येत नाही, एवढे एक आमचे म्हणणे. बाकी पाचांत निर्दोष म्हणावी अशी ही एकच.

आता 'पानिपत'. वाडीतून एकदम रणांगणावर जाणे विचित्र वाटेल, पण वाट भुकेचीच आहे. १९८८ साली आलेली ही कादंबरी आम्ही लढाईसाठी हाती घेतली आणि लक्षात राहिली ती उपासमार. साताऱ्याच्या गादीच्या नावाने उत्तरेत गेलेली फौज, तिच्याबरोबरचे बुणगे, यात्रेकरू, बायकामुले, आणि चहूकडून तुटलेली रसद. १४ जानेवारी १७६१ चा संग्राम हा पराक्रमाचा खराच. परंतु त्या दिवशी बाहेर पडण्याखेरीज गत्यंतर उरले नव्हते, कारण छावणीत खायला काही उरले नव्हते. सदाशिवरावभाऊंना उतावळा ठरविण्याची आपली जुनी सवय या कादंबरीने मोडली, हे तिचे मोठे काम. दोष असा की, सरदार पुष्कळदा एकमेकांशी न बोलता सभेपुढे बोलल्यासारखे बोलतात. किंमत कोणी मोजली? नावे राहिली ती सरदारांची. परंतु ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा बाजारबुणग्यांनी आणि बायकांनी ती अधिक मोजली.

याच लेखकाच्या 'झाडाझडती'स १९९२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. धरणाखाली गेलेल्या गावातील माणसांची ही कथा. त्यांना जमीन देण्याचे कागद होतात, कागद फिरतात, आणि माणसे फिरतच राहतात. लेखक स्वतः शासकीय सेवेत होते. त्यामुळे कचेरीतील टेबले आणि त्यांवरची दिरंगाई त्यांनी आतून रंगविली आहे. कित्येक पाने सरकारी दप्तरासारखी जड जातात. पण तेच जडपण त्या माणसांच्या वाट्याला वर्षानुवर्षे आले, हे ध्यानात घेतले म्हणजे तक्रार मागे घ्यावीशी वाटते.

या कादंबरीत कोयनेचे नाव शोधण्याचे कारण नाही, पण साताऱ्याच्या वाचकाला ती आठवल्यावाचून राहत नाही. १९६० नंतरच्या दशकात कोयनेचे धरण पुरे झाले, शिवसागर जलाशय भरला आणि त्याखाली पाटण व जावळीच्या खोऱ्यांतील गावे गेली. त्या विजेचा प्रकाश मात्र दूरदूरच्या शहरांत पडला. सांगलीकरांना तर २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर ताजा आहे. कृष्णेचे पाणी घरांत आणि ग्रंथालयांतही शिरले, पुस्तके भिजली, लोकांना घरे सोडावी लागली. पण ते पाणी ओसरले आणि आपण परतलो. 'झाडाझडती'तल्या माणसांचे पाणी ओसरतच नाही. एवढा फरक मनात धरून ती कादंबरी वाचावी.

येथे आमचा प्रश्न आपल्याकडेच वळतो. शहरात राहणारे आपण या पाच कादंबऱ्यांत कोठे आहोत? आपण फकिरा नव्हे, बनगरवाडीचे धनगर नव्हे, धरणग्रस्तही बहुधा नव्हे. नळाला पाणी आणि दिव्याला वीज वेळेवर यावी अशी अपेक्षा करणारे आपण, ज्यांची भूक भागते त्या बाजूचे आहोत. ययातीच्या बाजूचे म्हटले तर कोणास राग येईल; पण खांडेकरांनी ययातीला स्वतःच्या तोंडाने बोलते केले आहे ते उगीच नव्हे. आपल्या सुखाची किंमत कोण मोजीत आहे हे त्याला कळले, तेव्हा ती मोजून झाली होती. कादंबरी वाचणाऱ्याला ते वेळेवर कळू शकते, आणि कादंबरीकडून याहून अधिक मागणे आम्हांस उचित वाटत नाही.

आमची ही मते शेवटची नव्हेत. कोणास कचाचे बोलणे पटेल, कोणास 'बनगरवाडी' फार मुकी वाटेल. हरकत नाही. एक सूचना तेवढी करतो. 'ययाति' आणि 'फकिरा' यांपैकी जे पुस्तक आपल्या घरी नसेल ते या उन्हाळ्यात ग्रंथालयातून आणावे, आणि वाचून झाल्यावर आपले मत चार ओळींत लिहून ठेवावे. प्रस्तावना वाचायची ती त्यानंतर.