उणे व्होल्ट कुठे आहेत?

जुन्या संगणकांची लेखमाला : भाग सहावा

सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत तीस वर्षांचा संगणक बघायचा असेल, तर सीएनसी लेथच्या कंट्रोलरकडे बघा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९२२ साली साताऱ्यात कूपरांचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून या पट्ट्यात चालतं मशिन कुणी सहजासहजी भंगारात काढत नाही. पण कंट्रोलरची मेमरी टिकते ती बॅटरीवर. ती बसली की प्रोग्रॅम पुसले जातात, आणि ते परत भरायला बहुतेक ठिकाणी आरएस-२३२ ची केबलच लागते.

फॅनुकच्या जुन्या कंट्रोलरवर ‘एलएसके’ नुसतं लुकलुकत राहिलं, की समजायचं मशिन वाट बघतंय आणि डेटा पोचत नाही. अशा वेळी सगळे सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. आधी केबल तपासा.

आरएस-२३२ हे मानक १९६० चं, टर्मिनलला मोडेम जोडण्यासाठी केलेलं. त्यात एक बाजू टर्मिनलची आणि दुसरी मोडेमची, म्हणून सरळ तारा चालत. इथे लॅपटॉप आणि कंट्रोलर दोघेही स्वतःला टर्मिनल समजतात. त्यातून २५ पिनी जोडात २ नंबरची पिन पाठवते आणि ३ नंबरची ऐकते. पीसीच्या ९ पिनी जोडात नेमकं उलटं. त्यामुळे ९ ते २५ केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ जोडलं, की तारा दिसायला सरळ पण कामाला उलट्या. ‘क्रॉस केबल हवी’ हे ऐकून त्या आणखी एकदा फिरवल्या, की संपलं.

म्हणून केबलवरच्या चिठ्ठीपेक्षा मल्टिमीटरवर भरवसा ठेवा. केबल काढा, पोर्ट चालू ठेवा. काळी तार ग्राउंडला (९ पिनीत ५, २५ पिनीत ७), लाल तार आधी २ वर, मग ३ वर. एका पिनवर उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट मिळतील, दुसरीवर जवळपास शून्य. उणे दाखवते ती पाठवणारी, कारण गप्प बसलेली तार या मानकात उणेच असते. आता केबल फक्त लॅपटॉपला लावा. मोकळ्या टोकाला हे उणे व्होल्ट ३ नंबरवर, म्हणजे कंट्रोलरच्या ऐकणाऱ्या पिनवर आले पाहिजेत. २ वर आले, तर दोघेही एकाच तारेवर बोलतायत.

तारा बरोबर असूनही अलार्म येतो. ०८५ आला तर बॉड रेट आणि पॅरिटी जुळवा. ०८६ म्हणजे समोरचा तयार नाही अशी तक्रार. तीन तारांच्या केबलमध्ये ‘तयार आहे’ सांगणारं कुणी नसतंच. मग कंट्रोलरच्या बाजूला ६, ८ आणि २० एकत्र, तसंच ४ आणि ५ एकत्र शॉर्ट करतात. ही शुद्ध पळवाट आहे: मशिन स्वतःलाच होकार देतं. मग लॅपटॉपला थांबवायला उरतो फक्त एक्सऑन-एक्सऑफ. तो सॉफ्टवेअरमध्ये बंद राहिला, की मोठ्या प्रोग्रॅमला ०८७ ठरलेला.

सोल्डर करताना फॅनुकच्या २५ नंबरच्या पिनला हात लावू नका. तिच्यावर २४ व्होल्ट असतात. पंचवीसच्या पंचवीस तारा जोडलेली तयार केबल म्हणूनच इथे वापरायची नाही. तीन तारा आणि कवच पुरे.